युरोपातला डिझाइन कायदा बदलतोय, पण आपल्या कारखान्याला त्याचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपीय संघाने आपला डिझाइन कायदा दोन दशकांनंतर मुळापासून दुरुस्त केला आहे. हे बदल टप्प्याटप्प्याने लागू होतात आणि शेवटचा टप्पा २०२७ च्या अखेरीस पूर्ण होईल. चाकण-भोसरीत गाड्यांचे सुटे भाग करणारे, युरोपला फर्निचर, दिवे, चामड्याच्या वस्तू पाठवणारे, आणि पुण्या-मुंबईत बसून परदेशी ग्राहकांसाठी अ‍ॅपचे स्क्रीन रंगवणारे अशा सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आपल्याकडचा उद्योजक या कायद्याच्या दोन्ही बाजूंना उभा असतो. कधी तो मूळ डिझाइनचा मालक असतो, तर कधी दुसऱ्याच्या डिझाइनशी जुळणारा माल बनवणारा. म्हणून प्रत्येक उत्तर वाचताना आपण कोणत्या बाजूला आहोत, हे आधी ठरवा.

नेमका कोणता कायदा बदलला आणि कधीपासून?

दोन कायदे एकदमच आले. एक आहे नियमावली, क्रमांक २०२४/२८२२. तिने २००२ च्या नियमावलीत दुरुस्त्या केल्या. संपूर्ण संघासाठी एकच डिझाइन नोंदवता येतं ते हिच्याखाली. दुसरा आहे निर्देश, क्रमांक २०२४/२८२३, जो १९९८ च्या जुन्या निर्देशाच्या जागी आला. नियमावली सगळीकडे थेट लागू होते. निर्देशाप्रमाणे मात्र प्रत्येक सदस्य देशाला आपापला राष्ट्रीय कायदा बदलावा लागतो.

तारखा लिहून ठेवण्यासारख्या आहेत. दोन्ही कायदे ८ डिसेंबर २०२४ ला अमलात आले. नियमावलीतले बहुतेक बदल १ मे २०२५ पासून लागू झाले. अर्जाची चित्रं कशी द्यायची वगैरे तांत्रिक तपशिलांचा दुसरा टप्पा १ जुलै २०२६ चा. राष्ट्रीय कायदे बदलण्याची शेवटची तारीख ९ डिसेंबर २०२७. म्हणजे जर्मनी, इटली किंवा पोलंडच्या राष्ट्रीय नोंदणीवर तुमचं काही अवलंबून असेल, तर २०२७ संपेपर्यंत देशागणिक नियम वेगळे दिसू शकतात.

जाता जाता नावही बदललं. पूर्वीचं ‘कम्युनिटी डिझाइन’ आता ‘ईयू डिझाइन’ झालं. जुन्या नोंदण्या आपोआप नव्या नावाखाली आल्या, त्यासाठी काही करायची गरज नाही.

डिझाइन म्हणजे पेटंटच ना?

नाही. वस्तू काम कशी करते ते पेटंटचं क्षेत्र, दिसते कशी ते डिझाइनचं. जो आकार केवळ तांत्रिक कामामुळेच तसा झाला आहे, त्याला डिझाइनचं संरक्षण मिळत नाही.

आमचं डिझाइन भारतात नोंदलेलं आहे. ते युरोपात चालेल का?

नाही चालणार. कोलकात्याच्या कार्यालयाने दिलेलं प्रमाणपत्र भारताच्या हद्दीपुरतंच असतं. पण भारतातला अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत युरोपात अर्ज केला, तर औद्योगिक संपदेच्या पॅरिस करारानुसार भारतातली तारीखच युरोपातही धरली जाते. याला अग्रहक्क म्हणतात. मधल्या काळात दुसऱ्या कोणी तशीच वस्तू बाजारात आणली तरी तुमचा क्रम आधीचा राहतो.

हेग करारातून एकाच अर्जावर अनेक देश मिळवण्याची सोय आहे, मात्र भारत त्याचा सदस्य नाही. त्यामुळे फक्त भारतात कारभार असलेल्या कंपनीने अलिकान्तेच्या कार्यालयात थेट अर्ज करायचा. युरोपीय संघाचं बौद्धिक संपदा कार्यालय स्पेनमधल्या या शहरात आहे.

डिझाइन आधीच इन्स्टाग्रामवर टाकलं, प्रदर्शनातही मांडलं. आता उशीर झाला का?

युरोपसाठी बहुधा नाही, भारतासाठी बहुधा हो. हा फरक न कळल्यामुळे आपल्याकडे फार नुकसान होतं.

युरोपात डिझाइनच्या कर्त्याने स्वतः ते लोकांसमोर आणल्यानंतर बारा महिन्यांची सवलत मिळते. त्या मुदतीत अर्ज केला, तर स्वतःच्याच जाहीर करण्यामुळे नावीन्य गेलं असं धरलं जात नाही. ही सवलत पूर्वीही होती आणि नव्या कायद्यातही कायम आहे.

भारताच्या २००० च्या डिझाइन कायद्यात अशी सरसकट सवलत नाही. प्रदर्शनासाठी अपवाद आहे, पण तो अगदी अरुंद. केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन हवं, डिझाइन नोंदणीच्या प्रमुख अधिकाऱ्याला, म्हणजे कंट्रोलरला, आधी कळवलेलं हवं आणि प्रदर्शन सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज हवा. गावातल्या हॉलमधला स्टॉल, व्हॉट्सअ‍ॅपवरून डीलरना पाठवलेला कॅटलॉग, इन्स्टाग्रामवरची रील, यांतलं काहीच त्या अपवादात बसत नाही. आधी गाजावाजा, मग नोंदणी, हे भारतात वरातीमागून घोडं होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी भारतात अर्ज, मग प्रसिद्धी, आणि सहा महिन्यांच्या आत युरोप. भारतातली संधी हुकलीच असेल, तर पहिल्या प्रसिद्धीची तारीख शोधा (पोस्टची वेळ, चलन, कुरियरची पावती, जे असेल ते) आणि तिथून बारा महिने मोजा. चीन किंवा आणखी एखाद्या देशात जायचं असेल, तर तिथला नियम वेगळा तपासा. युरोपची सवलत तिथे कामाला येत नाही.

नोंदणी न करता युरोपात काही संरक्षण मिळतं का?

मिळतं. युरोपात नोंदणी नसलेल्या डिझाइनलाही, ते संघात लोकांसमोर आल्यापासून तीन वर्षं संरक्षण असतं. पण ते फक्त नकलेविरुद्ध. समोरच्याने स्वतंत्रपणे तसंच काही केलं असेल, तर काही करता येत नाही.

पहिली प्रसिद्धी संघाबाहेर, म्हणजे मुंबईत किंवा दुबईत झाली तर काय, हा जुना वाद आहे. असं डिझाइन बाहेर ठेवणारं जुन्या नियमावलीतलं एक वाक्य नव्या दुरुस्तीत काढून टाकलं गेलं. त्याचा नेमका परिणाम काय, यावर वकिलांची मतं वेगवेगळी आहेत. अशा वादावर धंदा उभा करू नये. एका मोसमात जुना होणारा फॅशनचा माल असेल, तर पहिलं सादरीकरण मिलान, पॅरिस किंवा फ्रँकफुर्टमध्ये करा आणि तारखेचा पुरावा जपून ठेवा. दोन-तीन वर्षांहून अधिक चालणारी वस्तू असेल, तर सरळ नोंदवा.

आम्ही बंपर, हेडलॅम्प, अलॉय व्हील करतो. ‘दुरुस्ती कलमा’मुळे आता सगळं मोकळं झालं का?

सगळं नाही. हा या सुधारणेतला पुण्याच्या पट्ट्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि यावर सर्वांत जास्त चुकीची माहिती फिरते, म्हणून जरा सविस्तर.

गाडीचा बंपर तुटला, तर त्या जागी बसणारा बंपर त्याच आकाराचा असावाच लागतो. नाहीतर गाडी गाडीसारखी दिसणार नाही. अशा भागावर मूळ कंपनीचा डिझाइन हक्क चालला, तर दुरुस्तीच्या बाजारात स्पर्धाच उरत नाही. म्हणून जुन्या नियमावलीत, कायमचा तोडगा निघेपर्यंत, दुरुस्तीच्या भागांना सूट देणारं एक तात्पुरतं कलम होतं. नव्या कायद्याने ते कायमचं केलं, मात्र त्याची हद्द आखून.

त्या हद्दीचा इतिहास एका खटल्यात आहे. इटलीतली रिम बनवणारी अकाचिया आणि जर्मनीची पोर्शे यांच्या वादात युरोपीय न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ ला निकाल दिला की तात्पुरत्या कलमाची सूट फक्त गाडीच्या आकारावर अवलंबून असलेल्या भागांपुरती नाही. म्हणजे रिमसुद्धा, मूळ रिमसारखीच दिसणारी असेल तर, दुरुस्तीसाठी विकता येईल. आफ्टरमार्केटवाल्यांना, म्हणजे मूळ कंपनीबाहेर सुटे भाग बनवून विकणाऱ्यांना, तो निकाल मोठा दिलासा होता.

नव्या कलमाने तो दिलासा काढून घेतला. आता सूट फक्त अशा भागाला, ज्याचं दिसणं मूळ वस्तूच्या दिसण्यावर अवलंबून असतं. बंपर, बॉनेट, फेंडर, दरवाजाचा पत्रा, काच आणि बहुतेक दिवे हे जुळावेच लागणारे भाग, म्हणजे सूट मिळते. अलॉय व्हीलचं तसं नाही. एकाच गाडीला दहा वेगळ्या नक्षीच्या रिमा बसतात आणि गाडी गाडीच राहते. म्हणून मूळ कंपनीची नोंदलेली नक्षी जशीच्या तशी उचललेली रिम १ मे २०२५ पासून ईयू डिझाइनच्या बाबतीत दुरुस्ती कलमाच्या छत्राखाली येत नाही. आपली नक्षी स्वतःची असेल तर प्रश्नच नाही. उलट ती नोंदवून ठेवा.

आणखी दोन अटी आहेत. भाग फक्त दुरुस्तीसाठी, वस्तूला तिचं मूळ रूप परत देण्यासाठीच असावा. ट्यूनिंग, स्पोर्ट किट, ‘अपग्रेड’ असे शब्द कॅटलॉगमध्ये असतील, तर तुम्हीच समोरच्या वकिलाला पुरावा पुरवताय. दुसरी अट माहितीची, ती पुढच्या प्रश्नात.

खोक्यावर नेमकं काय छापायचं?

दुरुस्ती कलमाचा फायदा घ्यायचा, तर भाग कुठून आला आणि तो कोणी बनवला, हे ग्राहकाला स्पष्ट आणि दिसेल अशा पद्धतीने कळलं पाहिजे. हे वस्तूवर छापा किंवा दुसऱ्या योग्य मार्गाने द्या, पण ते द्यायलाच हवं. नाही दिलं, तर सूटच गेली.

समजा तुमचा बंपर पोलंडच्या एका आयातदाराकडे जातो आणि तो स्वतःच्या नावाच्या साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात विकतो. आतल्या भागावर निर्मात्याचं नाव नाही, फक्त एक भाग क्रमांक आहे. अशा वेळी मूळ कार कंपनीने दावा लावला, तर आकार जुळणं कायदेशीर असूनही बचाव लंगडा पडतो. म्हणून साच्यातच निर्मात्याचं नाव आणि देश येईल अशी सोय करा, खोक्यावर वेगळं लेबल लावा आणि मूळ कंपनीचा माल नसल्याचं लिहा. आयातदाराशी करार करताना लेबल काढायचं नाही, ही अट घाला. ऑनलाइन विक्री असेल, तर वेबसाइटवरच्या वर्णनातही तेच यायला हवं.

ग्राहक भाग शेवटी कुठे बसवतो, त्याची हमी द्यायची जबाबदारी मात्र निर्मात्यावर किंवा विक्रेत्यावर नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. ही चांगली बाजू. ग्राहकाने काय केलं याचा माग काढत कोणी बसायचं?

मग राष्ट्रीय नोंदण्यांचं काय? जर्मनीत जुनं डिझाइन नोंदलेलं असेल तर?

राष्ट्रीय कायद्यांतही दुरुस्ती कलम आणायचं बंधन निर्देशाने घातलं आहे. पण ८ डिसेंबर २०२४ पूर्वी अर्ज केलेल्या डिझाइनना ज्या देशांत आधीपासून पूर्ण संरक्षण होतं, ते देश ९ डिसेंबर २०३२ पर्यंत ते चालू ठेवू शकतात. जर्मनीने स्वतःहून २ डिसेंबर २०२० पासूनच्या अर्जांसाठी दुरुस्ती कलम आणलं होतं, त्याआधीच्या नोंदण्या वेगळ्या. म्हणून प्रत्येक मॉडेलसाठी, ज्या देशात विकायचं तिथली नोंदवही उघडून पाहणं अटळ आहे. कार्यालयांचे शोध डेटाबेस फुकट आहेत, त्यासाठी कोणाला पैसे मोजू नका.

इंजिनाच्या आतले, न दिसणारे भाग?

मोठ्या वस्तूचा सुटा भाग असेल आणि नेहमीच्या वापरात दिसत नसेल, तर त्यावर डिझाइन हक्क मिळतच नाही. पिस्टन रिंग करणाऱ्याला या कायद्यामुळे झोप उडवून घ्यायची गरज नाही. पेटंटचं मात्र वेगळं बघा. ‘नेहमीचा वापर’ हा शब्द न्यायालयाने थोडा सैलपणे वाचला आहे, एवढं ध्यानात असू द्या. सायकलच्या सीटच्या खालच्या बाजूच्या डिझाइनवरच्या खटल्यात २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ठेवणं, नेणं-आणणं अशा, प्रत्यक्ष चालवण्याच्या आधी-नंतरच्या गोष्टीही वापरातच धराव्या लागू शकतात.

फी किती वाढली?

छोट्या संचाचा अर्ज स्वस्त झाला, जपणं महाग झालं. एका डिझाइनच्या अर्जाला पूर्वीसारखेच ३५० युरो लागतात, फक्त नोंदणी आणि प्रसिद्धी अशा दोन फी मिळून एकच झाली. त्याच अर्जात पुढचं प्रत्येक डिझाइन १२५ युरो. पूर्वी दहाव्या डिझाइनपर्यंत ते १७५ ला पडायचं आणि अकराव्यापासून ८० ला. म्हणजे दहा डिझाइनचा संच आता १,४७५ युरोला होतो, पूर्वी १,९२५ लागायचे. पन्नास डिझाइनचा मोठा संच मात्र महागला.

नूतनीकरणात खरी मेख आहे. संरक्षण पाच-पाच वर्षांनी वाढवत जास्तीत जास्त पंचवीस वर्षं मिळतं. या चार नूतनीकरणांना पूर्वी ९०, १२०, १५० आणि १८० युरो लागायचे, आता १५०, २५०, ४०० आणि ७०० लागतात. एका डिझाइनच्या नूतनीकरणाचा सगळा खर्च ५४० वरून १,५०० वर गेला. दहा डिझाइन पंचवीस वर्षं जपायची म्हटलं, तर केवळ नूतनीकरणाचेच पंधरा हजार युरो. ही रचना मला अन्यायकारक वाटत नाही. वापरात नसलेली डिझाइनं वर्षानुवर्षं नोंदवहीत साचून राहणं कोणाच्याच फायद्याचं नसतं. तरी पाचव्या वर्षी बसून कोणतं ठेवायचं आणि कोणतं सोडायचं, याचा हिशेब करायची सवय लावून घ्या.

एका अर्जात किती डिझाइन टाकता येतात?

पन्नास. आणि पूर्वीसारखं सगळी एकाच वर्गातली असण्याचं बंधन १ मे २०२५ पासून नाही. खुर्ची, दिवा आणि बेडशीटची नक्षी एकाच अर्जात जाऊ शकते. एका कुटुंबाचा फर्निचर आणि कापड असा दुहेरी धंदा असेल, तर ही सोय चांगली आहे.

वस्तू बाजारात यायला वेळ आहे. डिझाइन गुप्त ठेवता येईल?

तीस महिन्यांपर्यंत. पहिल्या डिझाइनसाठी ४० युरो जादा, पुढच्या प्रत्येकासाठी २०. नव्या पद्धतीत मुदत संपली की प्रसिद्धी आपोआप होते. नको असेल तर वेळेत नोंदणी सोडून द्यायला सांगावं लागतं. भारतात अशी प्रसिद्धी पुढे ढकलण्याची सोय सध्याच्या कायद्यात नाही. त्यामुळे भारतातला अर्ज आधी करून तो इथे प्रसिद्ध झाला, तर युरोपातली गुप्तता नावापुरतीच राहते. कोणता अर्ज आधी, हे ठरवताना हा विचार करा.

आम्ही अ‍ॅप आणि गेम करतो. आम्हाला यात काही आहे का?

बरंच आहे. डिझाइनच्या व्याख्येत आता हालचाल, एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणं आणि इतर कुठल्याही प्रकारचं अ‍ॅनिमेशन स्पष्टपणे आलं आहे. वस्तू भौतिक असायची गरज नाही. ग्राफिकल इंटरफेस, चिन्हं, अक्षरसंच, इतकंच काय, दुकानाच्या आतली मांडणीसुद्धा आता निर्विवादपणे आत आहे. संगणक प्रोग्रॅम मात्र अजूनही बाहेर. तुमचा कोड नाही, कोडमुळे पडद्यावर दिसणारं रूप नोंदवता येतं. दुसऱ्या टप्प्यापासून अर्जात हलतं चित्र, व्हिडिओ किंवा संगणकीय मॉडेल देता येतं. बटण दाबल्यावर कार्ड उलटून उघडण्याची जी खास लकब तुम्ही रचली आहे, ती पूर्वी स्थिर चित्रांच्या मालिकेत कशीबशी कोंबावी लागायची.

भारतात अजून वाद आहे, कारण आपल्या कायद्यात डिझाइन ‘वस्तू’ला लागू व्हायला हवं. पडद्यावरचं रूप त्यात बसतं का, यावर कार्यालयाने अनेक अर्ज नाकारले. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असा एक नकार रद्द केला, तरी वाट अजून सरळ नाही. ग्राहक युरोपात असेल, तर हक्कही आधी तिथेच घेणं शहाणपणाचं.

थ्रीडी प्रिंटिंगच्या फाइलबद्दल काय नियम आला?

आता नुसती फाइलसुद्धा उल्लंघन ठरू शकते. संरक्षित डिझाइनची वस्तू बनवता यावी म्हणून ते डिझाइन साठवणारी फाइल किंवा सॉफ्टवेअर तयार करणं, डाउनलोड करणं, कॉपी करणं किंवा इतरांना देणं हे मालक थांबवू शकतो. युरोपातल्या ग्राहकासाठी तुम्ही प्रोटोटाइपचं काम घेत असाल, तर फाइल कोणाची आणि परवानगी आहे का, हे ईमेलवर लिहून घ्या. घरगुती, बिनव्यापारी वापराला सूट आहे, पण ऑर्डर घेऊन प्रिंट करून देणं हा घरगुती वापर नव्हे.

आमचा माल आफ्रिकेला जातो, युरोपात विकत नाही. तरी काळजी करायची?

जहाज रॉटरडॅम किंवा अँटवर्पला थांबत असेल, तर करायची. संघात माल बाजारात उतरवला नाही, केवळ वाटेत नेला, तरी डिझाइनचा मालक तो आता अडवू शकतो. माल सोडवण्यासाठी, जिथे तो शेवटी जाणार आहे त्या देशात मालकाला विक्री थांबवण्याचा हक्क नाही, हे तुमच्या बाजूने दाखवावं लागतं. न्हावा-शेव्यातून निघताना कंटेनरच्या कागदांसोबत त्या देशातल्या नोंदणीच्या शोधाचा निकालही तयार ठेवा. बंदरात कंटेनर अडकल्यावर कागद जमवायला गेलं, की दिवसागणिक भाड्याचा आकडा चढत जातो.

कोल्हापुरी चप्पल युरोपात कोणी नोंदवून टाकली तर?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला, तेव्हापासून हा प्रश्न हमखास येतो.

कोल्हापुरी चपलेला भारतात भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. ते नावाचं आणि मूळ ठिकाणाचं संरक्षण करतं. चपलेच्या आकाराचं युरोपात नाही. डिझाइन म्हणून तो आकार आपल्यालाही नोंदवता येणार नाही, कारण तो नवा नाही. अंगठ्याचा वेढा आणि वरचा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या तसाच आहे.

पण इथे एक धोका आहे. अलिकान्तेचं कार्यालय नोंदणीपूर्वी नावीन्य तपासत नाही. फॉर्म नीट आहे आणि डिझाइन नीतिमत्तेला धरून आहे, एवढं पाहून नोंदवतं. म्हणजे जुना आकार घेऊन कोणीही नोंदणी मिळवू शकतो. ती रद्द करायची तर हाच आकार आधीपासून जगासमोर होता आणि युरोपातल्या त्या व्यवसायातल्या लोकांना तो कळणं शक्य होतं, हे दाखवावं लागतं. तसा अर्ज कोणीही करू शकतो. त्यासाठी युरोपीय प्रदर्शनांतले तारखेसह फोटो, निर्यातीची बिलं, जुने कॅटलॉग कामाला येतात. कारागीर संघटनांनी असा पुरावा एका जागी जमवून ठेवला पाहिजे. मानांकनाच्या फलकाइतकंच ते महत्त्वाचं आहे, पण फारसं कोणी करत नाही.

नव्या निर्देशात एक लक्षवेधी पर्याय आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचे घटक पूर्ण किंवा अंशतः उचलणारं डिझाइन नाकारण्याची तरतूद सदस्य देश आपल्या कायद्यात करू शकतात. पण हे ऐच्छिक आहे आणि भर युरोपातल्या वारशावर आहे. आपल्या कारागिराने त्यावर विसंबू नये.

वर्तुळातलं ‘डी’ लावायचं का?

हे नोंदलेल्या डिझाइनचं चिन्ह. नोंदणी असेल तर लावता येतं, सोबत नोंदणी क्रमांक किंवा दुवा. सक्ती नाही. नक्कल करणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरू नये, एवढा त्याचा उपयोग.

डिझाइनसोबत कॉपीराइटही मिळतो का?

युरोपात मिळू शकतो, वस्तू पुरेशी सर्जनशील असेल तर. २४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय न्यायालयाने, अमेरिकन डिझायनर इम्झ दांपत्याच्या खुर्चीच्या खटल्यात, सांगितलं की उपयोजित कलेच्या वस्तूला तिच्या मूळ देशात संरक्षण नाही या कारणाने सदस्य देशांनी कॉपीराइट नाकारू नये. भारतीय डिझायनरसाठी ही मोठी गोष्ट आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात नोंदवण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाइन पन्नासपेक्षा जास्त वेळा औद्योगिक पद्धतीने बनवलं, की कॉपीराइट संपतो. युरोपात त्याच वस्तूचा दावा उभा राहू शकतो.

ब्रिटनचं काय?

ब्रिटन संघात नाही. १ जानेवारी २०२१ पासून तिथे वेगळा अर्ज करावा लागतो आणि हे सगळे बदल तिथे लागू नाहीत. लंडनमधल्या ग्राहकाला माल पाठवणाऱ्याने युरोपच्या प्रमाणपत्रावर निर्धास्त राहू नये.

भारताचा कायदाही असा बदलेल का?

चर्चा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाध इथे डिझाइन कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला गेला. बारा महिन्यांची सवलत आणि प्रसिद्धी पुढे ढकलण्याची सोय अशा बाबी त्यात आहेत. आपला कायदा त्या दिशेने जाईपर्यंत मात्र दहा वर्षं अधिक पाच वर्षांची मुदत आणि सवलतीचा अभाव गृहीत धरूनच चालावं लागेल. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना भारतात अर्जाची फी हजार रुपये आहे, इतरांना चार हजार. एवढ्या फीत भारतातला अर्ज टाळण्याचं काहीच कारण दिसत नाही.

युरोपात अर्ज करायला तिथला वकील लागतोच का?

अर्ज भरण्यापुरता नाही. पुढच्या प्रत्येक कामासाठी, म्हणजे कार्यालयाने हरकत काढली किंवा कोणी रद्द करायचा अर्ज टाकला तर, तिथला मान्यताप्राप्त प्रतिनिधी नेमावा लागतो. अर्ज स्वतः भरणार असाल तर चित्रांवर सर्वाधिक वेळ घालवा. अर्जात स्पष्ट दिसेल तेवढंच संरक्षित होतं, आणि सावली पडलेल्या फोटोत न दिसलेला कोपरा नंतर जोडता येत नाही. पार्श्वभूमी पांढरी, वस्तू एकटी, लोगो काढलेला. लोगो चित्रात राहिला, तर लोगो नसलेली नक्कल वेगळी आहे, असा युक्तिवाद समोरचा करतोच.